मुका मार

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वही, माफ कर. अकरा एप्रिलनंतर तुझ्यात एक अक्षर नाही. कारण सांगण्यासारखं काही नाही. आधी परीक्षेचे पेपर, मग बाग, मग नुसताच आळस. खरं म्हणजे सगळं बरं चाललेलं असलं की मी लिहीत नाही.

आता लिहायला हवं, कारण दोन कामं अंगावर घेतली आहेत. जानेवारीत शाळेत पालकांसमोर वयात येणाऱ्या मुलांच्या शरीर-मनाबद्दल बोलायचं आहे. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते, म्हणून मुख्याध्यापकांनी मला न विचारताच माझं नाव घातलं. दुसरं म्हणजे माझ्या तारसच्या बर्फावरच्या हॉकी संघाची ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारी, झाले आहे. पालकांच्या बैठकीत दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. चार तासांचा कॉम्प्युटरवरचा वर्ग, एक प्रमाणपत्र आणि पट्ट्या-कापसाची एक पिशवी. दुखापत झालेल्या मुलाला बाहेर बसवायचं असेल तर ट्रेनरचा शब्द कोचच्याही वर, असं प्रमाणपत्राच्या मागे छापलं आहे. कोच ड्वेन रेम्पेलने ते कधी वाचलं असेलसं वाटत नाही.

तेरा-चौदाचा गट. याच वर्षापासून अंगावर धडक द्यायची मुभा मिळते. मी सतरा मुलांची उंची-वजनं घेतली. तारस सगळ्यात उंच, एकशे एक्याऐंशी सेंटिमीटर, वर्षात चौदा वाढला. सगळ्यात लहान जोना फ्रीसन, एकशे सत्तेचाळीस, वजन अडतीस किलो. त्याचा वाढदिवस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे कागदोपत्री तेरा, खरा अजून बाराच. त्याची एक दुधाची दाढ हलते आहे. तारस दाढी करतो. पोरं जोनाला शेंगदाणा म्हणतात आणि तारसला ट्रक.

रविवारी शाळेच्या कॉम्प्युटर-खोलीत सगळ्यांची मूळ चाचणी घेतली. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, लाल दिसलं की बटण दाबा. पुढे कोणाच्या डोक्याला मार बसला तर हीच चाचणी पुन्हा घ्यायची. गुण घसरले तर मूल घरी, जुळले तर डॉक्टरांची सही घेऊन बर्फावर. निकाल पाहून मी चकित झाले. सतरापैकी तेरा जणांचे गुण सात वर्षांच्या मुलाला शोभतील इतके कमी. अख्खा वेळ खिदळत होती. तारस तर सात मिनिटांत उठला.

"मिसेस एच, माझं डोकं रिकामंच आहे, मोजायला काही नाही," गोलरक्षक वेस म्हणाला आणि सगळे हसत सुटले.

भाषणासाठी टिपून ठेवते : या वयात झोप अपुरी, लक्ष उडतं. हे गुण म्हणजे त्याचा पुरावाच.

जेवताना तारसला बोलले. डेल हसत म्हणाला, "अगं, पहिल्याच दिवशी सगळा जोर दाखवायचा नसतो. काय रे?" बापलेक एकमेकांकडे बघून हसले. फार दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं. मी विषय सोडला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

घरच्या रिंकवर पहिला सामना. पाच-दोन जिंकलो.

दुसऱ्या डावात तारसने समोरच्या एका पोराला कोपऱ्यात गाठलं. पोरगं पाठमोरं नव्हतं, पक, म्हणजे ती रबरी चकती, त्याच्याकडेच होता, धडक नियमात होती. हे तीनदा तपासून लिहिते आहे. तारसचा खांदा त्याच्या छातीत घुसला आणि त्याचं अंग कठड्यावरची काच हादरवून खाली घसरलं. फुग्यातली हवा जावी तसा आवाज आमच्या बाकापर्यंत आला. हेल्मेटच्या जाळीतून लाळ आणि थोडं रक्त बर्फावर सांडलं. जीभ चावली होती. लोक पाय आपटत "ट्रक! ट्रक!" ओरडत होते. त्या मुलाची आई दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

आणि मला बरं वाटलं. मी कापूस घेऊन त्या मुलाकडे गेले खरी, पण आधी आनंद झाला आणि मग गेले. माझं जे पोरगं सहावीत घोड्याला भ्यायचं, ते आज असं उभं होतं. हे भाषणात सांगता येणार नाही, पण इथे खोटं लिहायचं कशाला? वर्गात मी सांगते की या वयात मुलं ताकदीची चव घेतात. आया घेतात ते सांगत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

बाहेरगावी, ओटर क्रीकला. तीन-तीन. पंचांनी आठ जणांना बाहेर काढलं. हॉकी कमी, मारामारी जास्त.

एक गोष्ट नीट लिहायची आहे. तिसऱ्या डावात जोनाचा ओठ काठीने फाटला. मी बाकावर त्याला धरून ओठ दाबत होते, पाठ बर्फाकडे. मागून आवाज आला. काचेवर भोपळा आपटावा तसा. वळेपर्यंत तारस गुडघ्यांवर होता, मग उठला. हेल्मेट सरळ केलं आणि भलत्याच बाकाकडे निघाला. त्यांच्या बाकाकडे! सगळे हसले, तोही हसला.

"काय झालं?" मी डेलला विचारलं. तो काचेपाशीच उभा होता.

"काही नाही गं. दम कोंडला क्षणभर. त्यांचा तो दाढीवाला पोरगा, बैल आहे नुसता."

"डोकं लागलं?"

"खांदा. मी बघितलं ना!"

मी नियमाप्रमाणे तारसला प्रश्न विचारले. गाव कोणतं, गुण किती, मागचा सामना कोणाशी. गुण चुकला, पण पंचांनी एक गोल रद्द केला होता, माझाही घोळ झाला असता. "आई, डोकं खाऊ नकोस," म्हणाला. जोनाला टाके घालायला न्यायचं होतं, म्हणून मी फ्रीसनांच्या गाडीतून गेले. तारस डेलबरोबर ट्रकमधून आला. वाटेत उलटी झाली म्हणे. डेल म्हणाला, तिथल्या कँटीनमधलं चिलीचं कालवण शिळं होतं.

मी स्वतः पाहिलं नाही. हे मला लागून राहिलं आहे. पण डेल तर होता.

९ नोव्हेंबर, रविवार

तारस काल तेरा तास झोपला, आज बारा. हाडं वाढतात ती झोपेतच. दुपारीही पडदे ओढून पडतो, वेसची आजी टोपी विणून घेऊन आली तरी खाली आला नाही. या वयात मूल गुहा शोधतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आपल्या घरात गुहा झाली की पचवायला जड जातं.

डेल मात्र बदलला आहे, चांगल्या अर्थाने. खाणीतली पाळी संपली की सरळ घरी येतो. जेवणाच्या टेबलावरचा दिवा त्याने बदलून मंद केला, म्हणाला, उगाच डोळ्यांवर येतो. तारसच्या हेल्मेटला जाळीऐवजी काळसर काच आणली. डोकेदुखीच्या गोळ्यांची मोठी बाटली ट्रकमध्ये ठेवली आहे, म्हणे पाठ दुखते. इतकी वर्षं पाठीबद्दल एक शब्द काढला नव्हता बिचाऱ्याने.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सरावात जे झालं ते माझ्या मुलाने केलं.

ड्वेनचा लाडका सराव आहे : कोपऱ्यात एक पक टाकायचा, दोन पोरं सोडायची, जो बाहेर आणेल तो जिंकला. जोड्या तो मुद्दाम विजोड लावतो. "जंगलात वजनं बघून जोड्या लावतात का?" म्हणतो. मी मागच्या आठवड्यात त्याला बोलले होते. तो म्हणाला, "लॅरिसा, तू पट्ट्या सांभाळ, मी पोरं सांभाळतो."

जोना विरुद्ध तारस. जोना चपळ, तो तारसच्या काखेखालून पक घेऊन निसटला. पोरं ओरडली, "शेंगदाण्याने ट्रक पंक्चर केला रे!" शिट्टी वाजली. सराव संपला होता. जोना हात वर करून हसत होता. तारस मागून आला, चार पावलं वेग घेऊन, आणि त्याने त्याला मानेच्या खाली धडक दिली. जोनाचे पाय बर्फावरून सुटले. डोकं आधी काचेच्या खांबावर, मग बर्फावर. मी धावले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि त्यात कोणी नव्हतं. मी आकडे मोजले. अकरापर्यंत. मग तो म्हणाला, "मी जिंकलो ना?"

तारस तिथेच उभा होता. मी ओरडले, "काय केलंस तू हे?" तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी त्याला कोणा तिसऱ्याने केलेली गोष्ट सांगते आहे. घरी म्हणाला, "शिट्टी ऐकू आली नाही." खोटं. ती शिट्टी पार धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जाते.

संघाने त्याला दोन सामने बसवलं. मी चार म्हणत होते. डेल म्हणाला, दोन पुरे, तेवढी त्याला विश्रांतीही होईल.

मूल क्रूर होतं का, की वाढणारं अंग त्याच्या हाताबाहेर जातं? मी दुसरं मानायचं ठरवलं. मला सोयीचं आहे म्हणूनही असेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जोनाची चाचणी आज पुन्हा घेतली. गुण मूळ चाचणीशी जुळले, उलट दोन जास्तच. गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली, सही केली.

जोनाची आई लोइस शाळेच्या दारात थांबली होती. हळू बोलणारी बाई, तिचं भांडणही प्रार्थनेसारखं वाटतं.

"लॅरिसा, तो दूध फ्रिजऐवजी भांड्यांच्या कपाटात ठेवतो. काल दोनदा."

"लोइस, या वयात माझा पण मोजे फ्रिजमध्ये ठेवायचा."

"तू म्हणतेस म्हणून पाठवते. तू शिकलेली आहेस."

मी तिला दोन्ही कागद शेजारी धरून दाखवले. आकडा तिथेच होता, स्वच्छ छापलेला. आता घरी बसून वाटतं, मी आकड्याच्या बाजूने बोलले की मुलाच्या? दूध कपाटात ठेवणं आकड्यात कुठे येतं? पण मग चाचणी असते कशाला?

३० नोव्हेंबर, रविवार

बसताना कंबर दुखते आहे. काल लिहिता आलं नाही.

तारसचं बीजगणित घ्यायला बसले. तो पुस्तक तिरपं धरत होता, मग लांब, मग डोळे मिटून बसला. "अक्षरं हलतात," म्हणाला. मी म्हटलं, "अक्षरं हलत नाहीत, तू हलतोस." शिक्षकी विनोद. त्याने ताट उचललं, पेरोगी-कांदा सगळ्यासकट, आणि भिंतीवर फोडलं. मी उठले तर मला ढकललं. त्याला कळलंही नसेल किती जोराने. ओव्हनच्या दांडीवर माझी कंबर आपटली आणि मी खाली बसले. तो ओरडत होता, "बोलू नकोस! कोणी बोलू नका! आवाज बंद करा!" घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. फ्रिजवर त्याने चार ठोसे मारले. दारात बुक्क्यांचे खड्डे पडले आहेत, त्यातल्या एकात रक्त.

डेल आला, आणि मी पाहतच राहिले. तो ओरडला नाही. त्याने दिवा घालवला, तारसच्या डोळ्यांवर टॉवेल ठेवला, बर्फ मानेला लावला आणि खालच्या आवाजात म्हणत राहिला, "झालं, झालं, वीस मिनिटांत उतरतं ना नेहमी?" आणि वीस मिनिटांत उतरलं.

शास्त्र सोपं आहे : रागाचा मेंदू आधी वाढतो, लगामाचा दहा वर्षांनी. घोडा आधी येतो, लगाम मागून. भाषणात हे वाक्य चांगलं वाटेल. पण वीस वर्षं शास्त्र शिकवून मी जमिनीवर बसले होते आणि खाणीत काम करणाऱ्या नवऱ्याला काय करायचं ते माहीत होतं. याबद्दल देवाचे आभार मानावेत की लाज वाटून घ्यावी?

६ डिसेंबर, शनिवार

जोना पडला. हवाई रुग्णवाहिकेने सॅस्काटूनला नेला आहे.

धडक साधी होती. असल्या धडका सामन्यात चाळीस होतात. समोरचं पोरगंही लहानखुरंच, खांद्याला खांदा. जोना दोन ढांगा सरकला, थांबला, मला वाटलं पक शोधतो आहे. मग तो सरळ पुढे कोसळला, हात न टेकता. मी पोचले तेव्हा त्याचा डावा पाय बर्फावर ठोके देत होता, स्केटचं पातं खटखट, खटखट. जबडा घट्ट. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून नऊ मिनिटं गुडघ्यांवर होते. वर काय चाललं होतं ते नंतर कळलं.

वर जोनाचा बाप पीटर, चर्चमध्ये भजन सांगणारा, दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडणारा माणूस, पायऱ्या उतरून बाकाजवळ आला आणि त्याने ड्वेनच्या तोंडावर ठोसा मारला. ड्वेन पाण्याच्या बाटल्यांवर पडला. पीटर त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. एकही शब्द न बोलता, लाकूड फोडावं तसा. ड्वेनच्या भावाने पीटरच्या पाठीत काठी मोडली. दोन्ही गावचे बाप एकमेकांवर पडले. सात-आठ वर्षांची पोरं कठड्यावर चढून बघत होती. डेल मध्ये पडला नाही. तो तारसला घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला होता. बरं केलं.

मला कोणी मारलं नाही. लोइस स्ट्रेचरबरोबर जाताना नुसती म्हणाली, "जुळले होते ना गं आकडे?"

१४ डिसेंबर, रविवार

बाहेर उणे एकतीस अंश. तीन तास गाडी चालवून सॅस्काटूनला गेले.

जोनाचं डोकं उघडून आतलं रक्त काढलं आहे. अर्धं डोकं भादरलेलं, टाके कानापासून वर गेलेले. जगेल. उजवा हात उचलत नाही. शब्द एकेक करून येतात, विहिरीतून बादली यावी तसे. पीटर कोपऱ्यात बसला होता, बोटांची सालं अजून निघालेली. लोइसने मला खुर्ची दिली. तिने खुर्ची दिली नसती तर बरं झालं असतं.

ती चहा आणायला गेली तेव्हा जोना म्हणाला, "मिसेस एच. रागावणार?"

"नाही रे राजा."

"चाचणी. पहिली." खूप वेळ थांबला. "मुद्दाम चुकवली."

"कोणती? शाळेतली?"

"सगळ्यांनी. मग मार बसला... तरी गुण... तेवढेच येतात. बसावं लागत नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"तारस." मग घाईने, जणू मित्राला वाचवायला, "तो म्हणाला, मोठी माणसं... असंच करतात. खाणीच्या संघात... सगळे करायचे."

पीटर उठून उभा राहिला. मला वाटलं, आता. पण तो खिडकीपाशी गेला आणि काचेला कपाळ टेकून उभा राहिला.

ती खोली माझी, कॉम्प्युटर माझे, तेरा मुलांचे ते गुण मी हाताने उतरवून घेतलेले. आणि मी त्यावर लिहिलं काय? झोप अपुरी.

१७ डिसेंबर, बुधवार

शाळेला रजा टाकली. सकाळपासून ही वही वाचते आहे. भाषणाची टिपणं काढायला उघडली होती.

भलत्या बाकाकडे गेला. उलटी. तेरा तास झोप. ओढलेले पडदे. हलणारी अक्षरं. 'आवाज बंद करा.' न ऐकलेली शिट्टी. हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि प्रत्येकासमोर मी एकच शब्द ठेवला आहे, वय. दुसऱ्या कोणत्याही मुलाबद्दल हे कोणी मला सांगितलं असतं तर मी दारातून त्याला डॉक्टरांकडे पाठवलं असतं. कदाचित नसतंही पाठवलं. लोइसने सांगितलं होतंच की.

एक नोव्हेंबर ते सतरा डिसेंबर. सेहेचाळीस दिवस. दोन सामने सोडले तर या दिवसांत तो प्रत्येक सामना खेळला, धडका देत आणि घेत. जोनाला दुसरी धडक लागली तीही साधीच होती.

शनिवारी रिजायनामध्ये निवड-सामने आहेत. वरच्या दर्जाच्या संघांची माणसं पोरं निवडायला येणार. सप्टेंबरपासून या घरात दुसरा विषय नाही. तारसने कॅलेंडरवर त्या दिवसाला काळा चौकोन केला आहे.

काल डेलची रात्रपाळी होती, सकाळी येऊन झोपला आहे. त्याला उठवून सांगावं का? आधीच पाठीने बेजार आहे. उद्या दोघांनाही एकदमच सांगेन.

१९ डिसेंबर, शुक्रवार

डाव्या हाताने लिहिते आहे, सावकाश जाईल.

काल डेलला दुहेरी पाळी लागली, म्हणून सांगणं आजवर गेलं. सकाळी न्याहारीला तारसला म्हटलं, "तू उद्या खेळत नाहीस. तुझ्या डोक्याला मार आहे. एक नोव्हेंबरपासून आहे."

त्याने आधी डेलकडे पाहिलं. धीर हवा असेल. डेल ताटात बघत होता. मग तारस म्हणाला, "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला उशिरा कळलं."

"कानात घंटा वाजते," तो म्हणाला. आवाज फुटला, एक शब्द बापाच्या आवाजात, एक पोराच्या. "सारखी. पण उद्याचा दिवस, आई. उद्याचा एकच दिवस. मग तू म्हणशील तितके दिवस पडून राहतो. महिना. वर्षभर. आई, प्लीज."

"नाही."

"बाबा, सांगा ना हिला!"

डेल म्हणाला, "लॅरिसा, एकच सामना. खांदा जपून खेळेल."

"जोनाची धडक पण साधीच होती, डेल."

तारसने खुर्ची खिडकीत फेकली. काच फुटून थंडी अशी आत आली की श्वास अडला. मी स्केट्सची पिशवी उचलली, त्याने माझ्या तोंडावर मारलं. उघड्या हाताने, पण हात आता केवढा आहे! माझा एक दात हलतो आहे. पिशवी मी सोडली नाही. तेव्हा तो दारापाशी गेला आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटू लागला. स्वतःचं डोकं. "घे! घे! मग बसव मला! घे!" एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मी चौकट आणि त्याच्या डोक्याच्या मध्ये माझा उजवा हात घातला. बोटं मोडल्याचा आवाज मला आधी आला, दुखणं नंतर. त्यालाही आवाज आला असावा, कारण तो थांबला. माझा हात त्याच्या कपाळाखाली तसाच होता. तो त्या हातावर कपाळ टेकून खाली बसला आणि लहानपणी उलटी व्हायच्या आधी रडायचा तसा रडला. मी पण बसले. काचा होत्या, पण बसले.

"कधीच नाही का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटी आशा द्यायची नाही, एवढंच ठरवलं होतं.

ड्वेनचा फोन आला. त्याचा जबडा तारेने बांधलेला आहे, दातातून बोलतो. "लॅरिसा, लोक रिजायनाला मुद्दाम त्याला बघायला येतायत. तू एका पोराचं आयुष्य..." मी म्हटलं, "ड्वेन, प्रमाणपत्राच्या मागची ओळ वाच," आणि ठेवून दिला.

तारसला सॅस्काटूनच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळी नऊला न्यायचं आहे. बाकीच्या मुलांबद्दलही मी हॉकी संघटनेला कळवलं. तेरा चाचण्या रद्द, सगळ्यांच्या पुन्हा होणार, माझ्या हातून नाही. मी ट्रेनरपदाचा राजीनामा दिला आहे. पालक दुकानात तोंड फिरवतील. फिरवू देत.

डेलने खिडकीला प्लायवूड ठोकलं, मला दवाखान्यात नेलं, बोटांना पट्टी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून होता. परत येताना ट्रकमध्ये म्हणाला, "मला खरंच काही कल्पना नव्हती गं. पोरं आईबापापासून सगळं लपवतात या वयात." मी त्याच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला. एकटीच आंधळी नव्हते, या विचाराने किती हलकं वाटलं ते लिहायलाही लाज वाटते. तो रडत होता. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

संघटनेचा दुखापतीचा अर्ज भरायला घेतला आहे. नऊ प्रश्न. पहिल्यातलं नाव, वय, उंची, वजन सोपं आहे. मार कधी बसला, ते तारीख-वार लिहिलं. उलटी, झोप, उजेडाचा त्रास, चिडचिड यांच्यापुढे खुणा केल्या. चौथा तेवढा राहिला : 'ही लक्षणं सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आली, आणि कधी?' माझं नाव तिथे शोभत नाही. मी सगळ्यात शेवटची.

उद्या : चौथा प्रश्न डेलला विचारून भरायचा.